दाभेवणची फिट्टंफाट

यंत्राने ओढलेली रेषा दाभेवणच्या मधोमध गेली होती.

शलाका मगदूमने पडद्यावरचा नकाशा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. रेषा होती तिथेच राहिली. गावातून जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या पूर्वेकडची घरं अंबरणे लोकसभा मतदारसंघात ठेवली होती आणि पश्चिमेकडची घरं घाटाखालच्या नव्या मतदारसंघात ढकलली होती. तिचं घर पूर्वेला होतं, वडिलांचे दोस्त शिवगोंडा पाटलांचं पश्चिमेला. दोन्ही घरांच्या मधे रस्ता, एक गॅरेज आणि दूध संकलन केंद्र, एवढंच.

पुण्याच्या मतदारसंघ रचना मंडळात ती दोन वर्षांपासून काम करत होती. संख्याशास्त्रात एम. एस्सी. झाल्यावर मिळालेली ही पहिलीच नोकरी. नव्या जनगणनेनंतर राज्यातल्या सगळ्या लोकसभा मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायच्या होत्या आणि ते काम ‘रेखक’ नावाची प्रणाली करत होती. रेखकची देखभाल करणाऱ्या चौघांपैकी शलाका एक.

विभागप्रमुख डॉ. नंदिनी वागळे यांना तिने विचारलं, तर त्यांनी दाभेवणचे आकडे उघडून दाखवले. गावातल्या बायकांचं मतदान नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांचं जेमतेम चाळीस. तेही फक्त लोकसभेला. ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला हेच पुरुष झाडून हजर असायचे.

“दिल्लीशी त्यांना काही घेणंदेणं नाही,” वागळे मॅडम म्हणाल्या. “लोकसंख्या जुळवायला कुठेतरी कात्री लावावीच लागते. जिथे कोणाला दुखणार नाही तिथे लावायची.”

शलाकाला कारण माहीत होतं. ते दाभेवणातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. पण गावाबाहेर ते कोणी कधी बोललं नव्हतं, म्हणून तीही गप्प राहिली.

रेखक काय करत असे, हे समजायला गणिताची गरज नाही. समजा, गावात पंगत बसली. कोण कोण जेवायला होतं ते ठाऊक आहे आणि किती लाडू संपले तेही ठाऊक आहे. एवढ्यावरून कोणी किती खाल्ले ते सांगता येत नाही. पण अशा पंगती शेकडो झाल्या आणि दर वेळी बसणारी माणसं थोडीथोडी बदलत गेली, तर हळूहळू प्रत्येकाची भूक उलगडू लागते. मतदानाचंही तसंच आहे. केंद्रावर कोण येऊन गेलं याच्या खुणा असतात. कोणत्या चिन्हाला किती मतं पडली हे केंद्रवार जाहीर होतं. कोणी कोणाला मत दिलं हे मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. रेखकही ते पाहत नव्हता. कित्येक निवडणुकांचे निकाल एकमेकांवर ठेवून तो प्रत्येक घराची ‘ओढ’ शोधायचा, म्हणजे ते घर कोणत्या बाजूला किती झुकलेलं असावं याचा अंदाज. सारख्या ओढीची आणि सारख्या गरजांची वस्ती शक्यतो फोडायची नाही, असा नियम होता.

या रीतीला दोन मर्यादा होत्या. जी माणसं नेहमी एकाच पंगतीला बसतात, त्यांची भूक वेगवेगळी काढता येत नाही. आणि पंगतीला जो येतच नाही त्याला भूकच नाही, असं रेखक धरून चालत होता.

अंबरणे मतदारसंघाचा इतिहास शलाकाला तोंडपाठ होता. सुरुवातीची बरीच वर्षं साखर कारखाना ज्याच्या हातात, खासदार त्याचा. कुदळ हे त्यांचं चिन्ह. मग धरण झालं आणि वरच्या खोऱ्यातली उठवलेली गावं खाली येऊन वसली. त्यांचा ना कारखान्यात शेअर, ना उसाला पाणी. ती सगळी विरोधी पक्षाच्या चिन्हामागे, समईच्या मागे गेली. तेव्हापासून समई आणि कुदळ आलटूनपालटून निवडून येत होत्या आणि जिंकणाऱ्याचं मताधिक्य दर खेपेला घटत होतं. तरणी मुलं पुण्याला आणि इचलकरंजीला गेली. मागे राहिलेल्यांत बायका जास्त आणि म्हातारी माणसं जास्त. असा मतदारसंघ मोजायला फार नाजूक असतो. इकडची चार घरं तिकडे गेली तरी काटा हलतो.

दाभेवण निम्मं समईचं होतं, निम्मं कुदळीचं. शलाकाच्या जन्माआधी एका लोकसभेला मतदानाच्या दिवशी केंद्रासमोर दगडफेक झाली आणि तिच्या थोरल्या चुलत्याचा डोळा गेला. दगड कोणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या निवडणुकीला पोलीस पाटलाच्या बायकोने, हौसाबाईने, गावातल्या बायका गोळा केल्या. त्यांनी पुरुषांना सांगितलं की तुझं मत त्याला कापतं आणि त्याचं तुला, मग दोघंही जाता कशाला? जोडी लावा. एक समईचा, एक कुदळीचा. दोघांनी दिवसभर एकमेकांसमोर बसायचं, केंद्राकडे फिरकायचं नाही. मत बायका देतील. आणि त्या दिवशी चूल पेटवायची तीही पुरुषांनीच.

गावाने त्याला फिट्टंफाट म्हटलं. गणित बिनचूक होतं. दोन विरुद्ध मतं पडली काय नि न पडली काय, फरक शून्यच. पण त्या शून्यात एक अख्खा दिवस मिळायचा. मतदानाच्या सकाळी जोड्याजोड्यांनी पुरुष काजूच्या बागांत जायचे, रस्सा शिजवायचे, पत्ते कुटायचे, एकमेकांच्या नेत्यांना शिव्या घालायचे. संध्याकाळी केंद्र बंद झालं की घरी. ज्यांची जोडी जुळली नव्हती ते पुरुष तेवढे मत देऊन यायचे; जोडीतला कोणी चोरून मत देऊन आला, असं एकदाही घडलं नाही.

शलाकाचे वडील आनंदा मगदूम, तिचे अण्णा, समईचे, शिवगोंडा कुदळीचा. चुलत्याचा डोळा गेला त्या दिवशी दोघंही केंद्रासमोरच्या गर्दीत होते, एकमेकांच्या विरुद्ध. पहिल्या जोडीच्या दिवशी ते दुपारपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, असं आई सांगायची. पुढे त्यांनी एकत्र विहीर काढली. शिवगोंडाची बायको गेली तेव्हा अण्णा कितीतरी दिवस त्याच्या ओसरीवर झोपायला जात होते.

रेषा रस्त्यावर राहिली असती तर जोडी मोडणारच होती. दोघं दोन मतदारसंघांत गेले की एकाचं मत दुसऱ्याला कापत नाही. मग एकमेकांसाठी घरी बसण्यात अर्थ उरत नाही.

हरकती नोंदवायला मुदत होती. शलाका गावी गेली.

अण्णा आणि शिवगोंडा काका काजूच्या बागेत फांद्या छाटत होते. तिने नकाशा दाखवला, रेषा का आली ते सांगितलं. मंडळाला फिट्टंफाट कळली तर रेषा हलू शकेल, म्हणाली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. गावचं गावात ठेवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. पक्षाच्या लोकांना कळलं की आनंदा मगदूम पंचवीस वर्षं लोकसभेला मतच देत नाही, तर तोंड कुठे दाखवायचं?

शिवगोंडा काकांनी कोयत्याची धार अंगठ्याने पाहिली.

“तुझ्या तोंडाचं राहू दे रे आनंदा,” ते म्हणाले. “मला घाटाखाली टाकाय लागल्यात. तिथल्या कुठल्या परक्याबरोबर मी रस्सा खाऊ? सांग पोरी तू. नावं तेवढी देऊ नको.”

नावं द्यायची गरज नाही, असं शलाकाने त्यांना सांगितलं. त्या क्षणी तिला ते खरंच वाटत होतं.

परत आल्यावर ती कामाला लागली. फिट्टंफाटीची खूण आकड्यांतच होती. एका जोडीतली दोन माणसं लोकसभेला नेहमी एकत्र गैरहजर असायची. एक मेला किंवा गाव सोडून गेला की दुसरा पुढच्या वेळी केंद्रावर उगवायचा. आणि स्थानिक निवडणुकांवरून काढलेली त्यांची ओढ बहुधा एकमेकांच्या उलट असायची. तिने रेखकच्या समीकरणात एक नवं पद घातलं. जो येत नाही तो उदासीनच असेल असं नाही, कुणाशी तरी तोलला गेलेलाही असू शकतो. रेखकने दाभेवण पुन्हा वाचलं आणि जोड्या एकेक करून वर आल्या.

वागळे मॅडम पडद्यासमोरून उठल्याच नाहीत. असं काही आपण कधी पाहिलं नाही, त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. रेषा हलली. दाभेवण अख्खं अंबरण्यात राहिलं. शलाकाने घरी फोन केला तेव्हा मागे शिवगोंडा काकांचं हसू ऐकू येत होतं.

रेषा कुठल्याही कारणाने हलवली तरी ते कारण लोकांसमोर ठेवायचं, अशी मंडळावर सक्ती होती. लोकांचा यंत्रावर विश्वास बसावा म्हणूनच तो नियम केला होता. दाभेवणचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यावर नाव एकही नव्हतं, घरक्रमांकही नव्हते. होते फक्त ठिपके, ओढीप्रमाणे रंगवलेले. समईकडचे पिवळे, कुदळीकडचे निळे, आणि जोडीतल्या दोन घरांना सांधणारी बारीक रेघ. एवढ्यावरून कुणाला ओळखता येणार नाही, असा निर्वाळा शलाकाने स्वतः सही करून दिला होता. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या कसोट्यांवर तो उतरत होता.

पण पाठ्यपुस्तकातलं गाव अनोळखी माणसांचं असतं. दाभेवणात नकाशा आला त्याच दुपारी दूध केंद्रावर बसलेल्या लोकांनी गॅरेजपासून ठिपके मोजायला सुरुवात केली. दूध घालायची वेळ होईपर्यंत प्रत्येक ठिपक्याला नाव लागलं होतं. जी मुलगी त्याच रस्त्यावर सायकल शिकली होती, तिला हे सुचायला हवं होतं.

मगदुमांचं घर पिवळं होतं. त्याला रेघेने जोडलेलं शिवगोंडा पाटलांचं घर निळं असायला हवं होतं. तेही पिवळसर होतं.

छपाईआधी शलाकाने तो ठिपका पाहिला होता. बाकीच्या जोड्यांमध्ये रंग उलट होते, हीच एक वेगळी होती. रंग फिका, म्हणजे अंदाजही कच्चा. त्या फिकेपणाचा अर्थ नकाशाच्या तळटीपेत दिला होता. गावात तळटीप कोणी वाचली नाही.

दूध केंद्रावर कोणीतरी म्हणालं, “आनंदराव, तुम्ही दोघांनी मिळून समईचीच दोन मतं घरी ठेवलीत की. कुदळवाल्यांनी तुमचा सत्कार कराय पायजे.” सगळे हसले. अण्णाही हसले, असं आईने फोनवर सांगितलं. मग ते किटली तिथेच विसरून घरी आले.

पुढच्या आठवड्यांत दोन्ही पक्षांची माणसं गावात यायला लागली. आजवर त्यांना दाभेवणची घरी बसणारी मतं म्हणजे मेलेली मतं वाटत होती. आता त्यांच्या फोनवर नकाशा होता. जोडीतल्या एकालाच गुपचूप केंद्रावर आणलं की निव्वळ एका मताचा फायदा. त्यांनी एकेकाला गाठून सांगितलं की तुमचा जोडीदार आमच्याशी बोलून गेलाय, तुम्हीच एकटे भोळे राहिलाय. ते बहुतेक वेळा खोटं असायचं. पण खोटं आहे हे तपासायचं कसं? आधी कोणी तपासलंच नव्हतं.

अण्णांना सांगायला समईचा तालुकाप्रमुख स्वतः आला. गेल्या खेपेला आपला उमेदवार किती थोडक्यात पडला, त्याने आठवण करून दिली. तो गेल्यावर अण्णा शिवगोंडाच्या घराकडे गेले आणि ओसरीची पायरी न चढता परत आले.

शलाका रजा काढून गावी आली आणि आधी शिवगोंडा काकांकडे गेली. ते दारात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी तिला बस म्हटलं, मूठभर शेंगा पुढे सरकवल्या.

त्यांनी सांगितलं ते एवढंच होतं. घरात मतं तीन. त्यांचं, मुलाचं आणि सुनेचं. मुलगा आणि सून पिंपरीला. लोकसभेला ती दोघं येत नाहीत, पण ग्रामपंचायतीला नि जिल्हा परिषदेला गाडी करून येतात, आणि काही वर्षांपासून दोघंही समईला मत देतात. घरात त्यावरून भांडणं झाली. आनंदाला ते बोलले नाहीत, कारण पोरगं आपल्या हाताबाहेर गेलं हे सांगायची लाज वाटली.

“मी न्हाई बदललो,” ते म्हणाले. “पर तुझ्या यंत्राला ते कसं दाखवू?”

शलाकाला लगेच कळलं. हे तिघं नेहमी एकाच पंगतीला बसत होते आणि उठतही एकदमच होते. तिघांतले दोघं फिरले की घराचा रंग फिरणार. फिरले ते कोणते, हे रेखकला ठरवता येत नाही. त्याने घराची सरासरी काढली आणि ती तिन्ही माणसांच्या माथी मारली. यंत्राचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच त्याने सांगितलं होतं, आणि ते अपुरं आहे हेसुद्धा सांगितलं होतं, फिक्या रंगात.

ती घरी गेली आणि अण्णांना सगळं समजावलं. पंगत, लाडू, तीन माणसं, फिका रंग. मुलाचं आणि सुनेचंही सांगितलं. अण्णांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. हुशार माणूस होता तो. तिला गणिताची गोडी त्यांनीच लावली होती.

“म्हणजे तो खरं बोलतोय,” ते शेवटी म्हणाले.

“हो. मला तरी तसंच वाटतं.”

“वाटतं.”

“अण्णा, मत गुप्त असतं. याहून जास्त कुणालाच सांगता येणार नाही.”

ते उठले, खुंटीवरची टोपी काढली, पुन्हा अडकवली.

“माझाबी विश्वास हाय त्याच्यावर,” ते म्हणाले. “पर आता तो ठेवावा लागतोय. आधी ठेवावा लागत न्हवता.”

आई आतून म्हणाली की दोघं म्हातारे होऊन पोरांसारखे रुसलेत, एकदा समोरासमोर बसा म्हणजे झालं. अण्णा गेलेही बसायला. दोघांनी चहा घेतला, पावसाचं आणि काजूच्या भावाचं बोलले. शिवगोंडा काकांनी स्वतःहून विषय काढला आणि देवाची शपथ घेऊ लागले, तेव्हा अण्णांनी त्यांचा हात धरून थांबवलं. इतक्या वर्षांत या दोघांना एकदाही शपथ लागली नव्हती. ती घ्यावी लागते आहे, हेच अण्णांना सोसलं नाही.

गावातल्या इतर जोड्या याहून वाईट रीतीने मोडल्या. कोणी पक्षवाल्यांबरोबर जेवून आला, कोणी जेवून आल्याचा नुसता संशय आला. निवडणूक जाहीर झाली तेव्हा पुन्हा जोड्या लावायचा विषयच निघाला नाही. शिवगोंडा काकांनी शलाकाला फोन केला, तिच्याशी इकडचंतिकडचं बोलले आणि ठेवता ठेवता म्हणाले की या वेळी मी मत द्यायला जाणार आहे, आनंदालाही जा म्हणावं. मी गेलो म्हणजे त्याला घरी बसायची सक्ती नाही. त्याला वाटायला नको की मी परत त्याचं मत अडवून ठेवलं.

मतदानाच्या दिवशी शलाका गावातच होती. शाळेसमोर सकाळीच रांग लागली. दाभेवणचे पुरुष इतक्या संख्येने लोकसभेला आलेले तिने कधी पाहिले नव्हते. पोलीस होते, पण त्यांना काम नव्हतं. कोणी भांडत नव्हतं, बोलतही फारसं नव्हतं. रांगेत अण्णा पुढे होते, शिवगोंडा काका बरेच मागे, मधे गावातली दहाबारा माणसं. एकच गाव, एकच केंद्र, एकच मतदारसंघ. तिने हलवलेली रेषा आता गावातून कुठूनच जात नव्हती.

तिने मनात बेरीज केली. अण्णांचं मत समईला. काकांचं मत, ते खरं बोलले असतील तर, कुदळीला. फरक शून्य. निकालावर यातलं काहीही दिसणार नव्हतं.

वागळे मॅडमचा संदेश आला. दाभेवणचं दुपारपर्यंतचं मतदान पाहून त्या हरखल्या होत्या. पुरुषांचा आकडा बायकांना गाठत होता. घरी बसणारं गाव मतदानाला उतरल्याचं उदाहरण म्हणून वार्षिक अहवालात हे घेऊ या, त्यांनी लिहिलं होतं, आणि टिपण शलाकानेच लिहावं. तिने फोन पर्समध्ये टाकला.

अण्णा मत देऊन केव्हाच बाहेर आले होते. घरी न जाता ते शाळेच्या कुंपणापाशी उभे होते. काही वेळाने शिवगोंडा काका बाहेर आले. दोघांच्याही बोटांवर शाई होती. काकांनी अण्णांकडे पाहिलं आणि जरा थबकले.

“झालं?” अण्णांनी विचारलं.

“झालं,” काका म्हणाले.

काकांनी बोटावरची शाई सदऱ्याला घासून पाहिली. मग, गुरांना पाणी दाखवायचं राहिलंय, असं म्हणून ते रस्ता ओलांडून आपल्या घराकडे गेले. अण्णा ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले आणि मग शलाकाकडे वळले.

“आता संध्याकाळपर्यंत करायचं काय?” त्यांनी विचारलं.